सदनिका एक : रिकामी

मृणाल बिवलकर दातांची डॉक्टर. किडलेल्या दाढा, पू धरलेल्या हिरड्या, तंबाखूने काळे पडलेले गाल हे सगळं दिवसभर बघून ती घरी यायची, हात धुवायची आणि चवीने आमटीभात जेवायची. कशाची म्हणून तिला शिसारी येत नसे. पण त्या सोमवारी सकाळी ती स्वानंद सोसायटीच्या सूचनाफलकासमोर उभी राहिली आणि तिला शिसारी आली.

फलकावर स्थानक-परिसर प्राधिकरणाचं पत्रक लावलं होतं. इमारतीत कोणत्या घरात किती माणसं राहतात, त्याचा तो अधिकृत निकाल. पहिलीच ओळ होती, 'सदनिका एक : रिकामी.'

सदनिका एकच्या खिडकीतून त्याच क्षणी आल्याच्या चहाचा वास येत होता आणि नेत्रा भोसेकर कुठल्याशा विद्यार्थ्याला तिसऱ्यांदा जर्मन लिंगं समजावत होती. "डेर, डी, डास. अरे, टेबल पुल्लिंगी असतं तिकडे. का असतं ते मला विचारू नकोस, पाठ कर."

नेत्रा तळमजल्यावर एकटी राहायची. अपघातात दोन्ही पाय गेले, त्याला नऊ वर्षं झाली. मोटरवाल्या खुर्चीत बसून ती स्वयंपाक करायची, शिकवण्या घ्यायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खिडकीतून टोमणे मारायची. सोसायटीची सभा तिच्या दारासमोरच्या पार्किंगमध्ये भरे आणि सभेचा चहा तिच्याकडूनच येई. तळमजला सोयीचा, कपांची ने-आण नको, असं कधीतरी कोणीतरी म्हणालं आणि मग ती रीतच पडून गेली. कपही तिचे, साखरही तिची.

आणि आता ती तिथे राहतच नव्हती.

ही सगळी काचेची करणी होती. मेट्रोच्या रुळांशेजारून एक काचेची तार जाते, केसासारखी बारीक. तिच्यातून लेझरचा प्रकाश सोडला की काचेतल्या सूक्ष्म खोटींवर आपटून त्यातला थोडा प्रकाश उलटा फिरतो. जमीन जराशी जरी थरथरली तरी तार तिथे किंचित ताणली जाते आणि परत येणारा प्रकाश बदलतो. परत यायला किती वेळ लागला, त्यावरून थरथर कुठे झाली ते कळतं. आधी हे तंत्र रुळाला तडा गेला का ते बघायला वापरलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की या तारेला रुळांशेजारून जाणाऱ्या माणसांची पावलंही ऐकू येतात. आणि प्रत्येकाची चाल निराळी असते. कोणी टाच आपटतो, कोणी चवडे घासतो, कोणाचं उजवं पाऊल डाव्यापेक्षा अंमळ लांब पडतं. संगणकाला ही ओळख पटायला फार दिवस लागले नाहीत. प्राधिकरणाने स्टेशनभोवतीच्या प्रत्येक इमारतीच्या पायात तारेची एकेक फांदी पुरली. कागदोपत्री तिचं नाव पदश्रवण. लोक तिला नुसतं 'कान' म्हणत.

कान आला तेव्हा मृणालने टाळ्या वाजवल्या होत्या. स्टेशन दारात, पण गल्लीतली निम्मी घरं कुलुपात. मालक परदेशात, चाव्या शेजाऱ्यांकडे, आत नुसती धूळ. आणि त्याच स्टेशनवर रोज कामाला येणारी माणसं राहणार सासवडला नाहीतर शिरवळला. तिची स्वतःची मुलगी ईरा शिवाजीनगरला नोकरी करायची आणि भाडं परवडत नाही म्हणून शिरवळला राहायची. रोज दोन तास जाताना, दोन तास येताना. म्हणून नवा नियम मृणालला पटला होता. जुनी इमारत पाडून तिथे उंच इमारत बांधायची. जुन्या रहिवाशांसाठी ठरावीक जागा राखायची आणि ती खरोखर राहणाऱ्या डोक्यांत वाटायची. उरलेल्यात लहान लहान भाड्याची घरं. वीजबिलं आणि ओळखपत्रं कोणी धरायची नाहीत, कारण ती बंद घरांचीही निघतात. कान सांगेल ते खरं.

नियम चांगला होता. पण चांगल्या नियमाला पळवाट शोधावी ती आपल्याच लोकांनी.

त्या वर्षी न्यू जर्सी आणि म्युनिकची मुलं दिवाळीला झाडून घरी आली. आईबापांनी त्यांना बोलावलं ते फराळासाठी नव्हे. पायाला मसाज करणारं यंत्र म्हणून बाजारात एक खोकं मिळू लागलं होतं. आत दोन रबरी तळवे आणि एक मोटर. चटईवर माणसाला दहा मिनिटं चालवायचं, खोकं त्याची चाल पाठ करायचं आणि मग रोज ठरल्या वेळी पलंगाखाली थपथप करत राहायचं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं पावल्या. मुलं विमानात बसली, त्यांची पावलं मागे राहिली. स्वानंद सोसायटी अचानक भरल्या गोकुळासारखी नांदू लागली.

आणि ज्या एका बाईची खुर्ची रबरी चाकांवर आवाज न करता फिरत होती, ती कानाला ऐकूच आली नाही.

मृणाल सोसायटीची सचिव होती. ती तडक तिसऱ्या मजल्यावर अध्यक्षांकडे गेली. दिलीप राजवाडे निवृत्त इंजिनिअर. बोलणं साखरेत घोळलेलं.

"काका, नेत्राची नोंद रिकामी झाली आहे. तिला बंद घराची भरपाई मिळेल. त्यात तिला खेड शिवापूरलासुद्धा लिफ्टचं घर यायचं नाही. तिचं इस्पितळ इथे, शिकवण्या इथे."

"वाचलं मी," राजवाडे म्हणाले. "फार वाईट वाटलं."

"मग वाईट वाटून घेऊ नका, ठराव करू. नियमात तरतूद आहे. कानाला ऐकू न आलेल्या माणसासाठी सोसायटीने ग्वाही दिली तर ते मान्य करतात."

"करतात की. आणि लगेच सबंध इमारतीची फेरतपासणी लावतात. घरोघर, माणसं पाठवून." राजवाड्यांनी आतल्या बंद खोलीकडे एक नजर टाकली. त्यांचा निनाद त्या खोलीत 'राहत' होता, न्यू जर्सीहून. "भावना आम्हालाही आहेत, मृणाल. पण एकीसाठी सगळ्यांनी बुडायचं का?"

राजवाड्यांनी कपाटातून एक नवंकोरं खोकं काढलं आणि तिच्या हातात ठेवलं.

"मी मार्ग काढलाय. हे तिला द्या. आपल्याकडून भेट. आत तयार चाल भरलेलीच येते. पुढच्या पंधरवड्यात कान ती उचलेल, नोंद आपोआप दुरुस्त होईल. साप भी मरे, लाठी भी न टूटे."

मृणालला हसावं की ओकावं ते कळेना. आणि तरीही ते खोकं घेऊन ती जिना उतरली. कारण वाईट मार्ग का होईना, तो मार्ग होता आणि दुसरा तिच्याजवळ नव्हता.

नेत्राने खोकं मांडीवर घेतलं, झाकण उघडलं, आतले रबरी तळवे बोटाने दाबून बघितले.

"माप कितीचं आहे, मृणालताई? माझा पाच नंबर होता."

"नेत्रा, मला माहीत आहे हे कसं दिसतंय."

"नाही, नाही. छान आहे. नऊ वर्षांनी कोणीतरी मला पाय आणून दिले." ती हसली आणि मग तिचं हसू एकदम आटलं. "मी आहे हे सिद्ध करायला मी चालते असं खोटं सांगायचं? का? मी दारात बसते. भाजीवाल्याशी भांडते. तुम्हा सगळ्यांचा चहा करते. चोवीस घरांतल्या एकाही माणसाला तोंडाने सांगता येत नाही, की ही बाई इथे राहते?"

"सांगितलं तर तपासणी लागेल. त्यांची खोकी सापडतील."

"त्यांची?" नेत्राने तिच्याकडे निरखून बघितलं. "ताई, तुम्ही संध्याकाळी पाचला दवाखान्यात जाता आणि साडेआठला येता. बरोबर?"

"हो."

"माझं छत म्हणजे तुमची जमीन. रोज सात ते आठ तुमच्या आतल्या खोलीत ईरा चालते. लहानपणी तिचा डावा पाय मोडला होता ना, तो अजून जरासा ओढते. मला वाटलं, पोरगी परत आली राहायला. पण रोज जिन्यावरून न येता घरात कशी पोचते, ते काही कळेना."

मृणालने खोकं उचललं आणि ती वर गेली.

आतल्या खोलीत ती गुडघ्यांवर बसली. पलंगाखाली, जुन्या गाद्यांच्या मागे, तसलंच दुसरं खोकं. तिचा नवरा हृषीकेश दारात येऊन उभा राहिला.

"गणपतीत तिचं माप घेतलं," तो म्हणाला. "तुला सांगणार होतो."

"कधी? वास्तुशांतीला?"

"मृणाल, पोरीची हाडं मोडतात त्या प्रवासात. तिच्या वाट्याची जागा मिळाली तर ती इथे येईल. मग खोटं कुठे उरलं? आत्ता नाही, दोन वर्षांनी खरं होईल."

"तिला माहीत आहे?"

हृषीकेश खाली बघू लागला. "तिनेच चटईवर दहा मिनिटं चालून दाखवलं. मुद्दाम थोडी सावकाश चालली, नीट नोंद व्हावी म्हणून."

मृणाल पलंगाच्या काठावर बसली. राजवाड्यांची तिला किळस आली होती, पण ती किळस बाहेरची होती, हात धुतले की जाणारी. ही घरातली होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला ईराची दया येत होती, नवऱ्याचाही राग धड येत नव्हता. पोरीला घर मिळावं असं तिलाही वाटत होतं. फार वाटत होतं. ते घर नेत्राच्या दारातून काढून आणायचं आहे, एवढंच काय ते अंगावर येत होतं.

"सभेत मी ग्वाहीचा विषय ठेवणार आहे," ती म्हणाली.

"पडेल तो. उगाच शोभा."

सभा शनिवारी संध्याकाळी पाच वाजता ठेवली होती. अधिकारी रविवारी येत नाहीत आणि प्राधिकरणाचा माणूस साक्षीला हवा होता. पाचची वेळ राजवाड्यांनी मुद्दाम निवडली. पावल्या सातला सुरू होत, कारण माणसं साधारण सातला घरी येतात. सातच्या आत सभा उरकून साहेबांना वाटेला लावायचं, असा हिशेब होता.

हिशेब पक्का होता, पण सोसायटी पुण्यातली होती. पाच वाजता पार्किंगमध्ये खुर्च्या, राजवाडे आणि दोन माणसं. सभेच्या सूचनेत कायमच एक ओळ असते : गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच जागी घेण्यात येईल. ती ओळ वर्षानुवर्षं वाचून सगळे सभासद थेट अर्ध्या तासानेच खाली उतरतात. या वेळीही तसेच उतरले. राजवाड्यांनी कपाळाला हात लावला, पण चेहऱ्यावर हसू ठेवलं.

प्राधिकरणाचे गावित नावाचे अधिकारी आले होते. दमलेला, सभ्य माणूस. "मला सासवडची बस गाठायची आहे," त्यांनी आधीच सांगितलं. "पण सभा संपेपर्यंत थांबणं माझं काम आहे."

"लवकरच संपवू," राजवाडे म्हणाले. "बघा, आमची एकजूट. आबालवृद्ध सगळे खाली आलेत. आत्ता वर एक चिटपाखरू नाही. हे तुमच्या अहवालात अवश्य घ्या."

गावितांनी ते लिहून घेतलं.

"विषय पहिला," राजवाडे म्हणाले. "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचल्याचं समजू या."

मृणाल उभी राहिली. तिने घड्याळ बघितलं आणि त्याच वेळी तिचं ठरलं.

"नाही. सूचनेत 'वाचून' लिहिलंय. मी वाचते."

इतिवृत्त कोणी वाचत नसतं. ते वाचल्याचं समजायचं असतं. मृणालने ते वाचलं. कबुतरांच्या जाळीवर झालेली चर्चा वाचली. टाकी धुण्याच्या तारखा वाचल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या पायपुसण्यावरून झालेला वाद, त्यात कोण काय म्हणालं, त्याला कोणी काय उत्तर दिलं, ते सगळं सावकाश, अर्धविराम पाळून वाचलं. माणसं कुजबुजली, जांभया देऊ लागली. समोर बसलेला हृषीकेश हळूहळू पांढरा पडत गेला. त्याला कळलं होतं.

मधे नेत्राने चहा पाठवला. ती खुर्चीत बसून दारापाशी ट्रे धरत होती आणि माणसं येऊन कप उचलत होती.

"आलं मस्त हं," कोणीतरी म्हणालं.

मग नव्या इमारतीवर चर्चा झाली. भाड्याच्या घरांना फाटक मागच्या बाजूने द्यावं, कचऱ्याच्या डब्यांकडून, अशी सूचना एका सद्गृहस्थांनी केली. त्यांची लिफ्ट वेगळी असावी, अशी उपसूचना आली. "कसली कसली माणसं येतील," एक काकू म्हणाल्या, "आपल्या पाण्यावर ताण पडेल." दुसऱ्या बाजूचे लोक इमारतीच्या बाजूने होते, पण त्यांना उंच इमारत हवी होती ती स्वतःची बाल्कनी मोठी व्हावी म्हणून. रोज दोन तास बसमध्ये उभं राहणाऱ्या माणसाचं नाव ना या बाजूने कोणी घेतलं ना त्या. असाच एक बसमधला माणूस समोर बसून त्यांचं बोलणं टिपून घेत होता, हेही कोणाच्या ध्यानात आलं नाही. मृणालला वाटलं, हे सगळे दात मुळापासून सडलेत आणि सगळे हसताहेत.

"विषय चौथा," राजवाडे घाईने म्हणाले. सातला थोडाच अवकाश होता. "सदनिका एकमध्ये कोणी राहते किंवा कसे, याबाबत ग्वाही देणे. ग्वाही द्यावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत."

मृणालने हात वर केला.

पार्किंगमध्ये एवढी माणसं बसली होती आणि कोणी खुर्चीत हललं नाही. बहुतेकांनी मान खाली घालून कपात बघितलं. कप नेत्राचे होते.

"मी हात वर केला तर चालेल का?" नेत्राने दारातून विचारलं.

राजवाड्यांनी घसा साफ केला. "विषय तुमच्याच संबंधातला असल्यामुळे नियमाप्रमाणे तुम्हाला मत देता येत नाही."

"म्हणजे मी इथे आहे, हे तुम्हाला दिसतंय."

"तो प्रश्न नाही. ठराव एक विरुद्ध..."

वर काहीतरी वाजलं. थप.

मग पुन्हा. थप, थप. तिसऱ्या मजल्यावर निनाद राजवाडे जड टाचा टाकत खोलीभर फिरू लागला. त्याच्या बाजूच्या घरात म्युनिकची सून निघाली, मग तिचा नवरा. मजल्यामजल्यावर पावलं सुरू झाली. पार्किंगमध्ये सगळी सोसायटी हातात कप धरून बसली होती आणि डोक्यावर सगळी सोसायटी चालत होती.

गावितांनी वर बघितलं. "वर कोण आहे?"

"उंदीर," राजवाडे म्हणाले. "फार झालेत हल्ली."

"बूट घालून?" नेत्राने विचारलं.

कोणी हसलं नाही. कोणी उठलंही नाही. जो खोकं बंद करायला जिना चढेल तो कबूल होईल, हे प्रत्येकाला कळत होतं. म्हणून सगळे बसून राहिले, आपापली मुलं डोक्यावर चालताना ऐकत.

नेत्राच्या दाराच्या बरोबर वर एक हलकी चाल होती. डावं पाऊल जरासं ओढणारी. ईरा दीड वर्षाची असताना भिंतीला धरून चालायची, ती चाल मृणाल ऐकून ओळखायची. शाळेतून, कॉलेजातून घरी येणारी ती चाल तिने जिन्यावरच ओळखली होती. आत्ता खरी ईरा शिरवळच्या बसमध्ये उभी असेल.

गावितांनी लेखणी उघडली. "पहिला मजला, पाच नंबर. कोणाचं घर?"

हृषीकेशने मृणालकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती, आणि ती पोरीसाठी होती, हे तिला ठाऊक होतं.

"माझं," मृणाल म्हणाली.

"कोण चालतंय तिथे?"

"कोणी नाही. माझी मुलगी शिरवळला राहते. पलंगाखाली खोकं आहे. लिहून घ्या." तिने नेत्राच्या दाराकडे बोट केलं. "पण त्याच्या आधी एक नंबर लिहा. तिथे नेत्रा भोसेकर राहते. तुमच्या हातातला चहा तिने केलाय."

गावितांनी हातातल्या कपाकडे बघितलं. मग दाराकडे, खुर्चीतल्या बाईकडे. त्यांनी कप जपून खाली ठेवला, पत्रक काढलं आणि पहिल्या ओळीवर रेघ मारली.

हृषीकेश उठला. तो जिना चढून वर गेला. त्याची खरी पावलं खालच्या सगळ्यांनी ऐकली, खोलीपर्यंत जाईपर्यंत. मग ईराची पावलं थांबली.

बाकीच्यांची चालतच राहिली.